भागुजी पाणीवाला आणि खेळवाल्या ताई

कवठाळी नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावात भागुजी नावाचा एक भोळा पाणीवाला होता. सकाळी सहाला टाकीखालच्या खोलीचं कुलूप काढायचं, चाक फिरवायचं, गावाला पाणी सोडायचं. सातला चाक उलटं फिरवायचं. एवढंच त्याचं काम. अकरा वर्षं त्यात एका मिनिटाची चूक झाली नव्हती. एकदा साडेसहालाच पाइप फुटला आणि सरपंचांच्या ओट्यावर कारंजं उडालं. भागुजी शेजारी उभा राहून सात वाजायची वाट बघत होता. सातला बंद कर, असं त्याला सांगितलेलं होतं. पाइप फुटला तर बंद कर, असं कुणी सांगितलं नव्हतं.

माणूस वाईट नव्हता हो. उलट इतका सज्जन, की सांगितलेला शब्द खाली पडू देत नसे. शहाण्या माणसांना शब्द खाली पाडायची सवय असते, म्हणून जग चालतं. भागुजीला ती सवय नव्हती.

त्याची बायको वच्छला शहाणी होती. असा नवरा पदरात पडल्यावर तिला व्हावंच लागलं. त्यांना एक मुलगी होती, कस्तुरी, सहा वर्षांची. पोर मोठी चुणचुणीत. पण तिचा उजवा हात जन्मापासून आखडलेला होता. मूठ मिटली की मिटली, उघडता उघडत नसे. सगळी कामं ती डाव्या हातानं करायची. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात तिनं अक्षताही डाव्या हातानंच टाकल्या. शेजारच्या आक्काबाईंनी तिचं मनगट धरलं आणि चारचौघांत म्हणाल्या, "डाव्या हातानं अक्षता? कुनाचं वाईट चिंततीस गं?"

पोरगी त्या दिवशी जेवली नाही. मला विचाराल तर आक्काबाईंनाच उपाशी ठेवायला हवं होतं, पण त्या दोनदा जिलेबी मागून जेवल्या.

आता कस्तुरीच्या लाडक्या दिगंबरमामाचं लग्न ठरलं होतं. कस्तुरीनं घरात जाहीर केलं, "मामावर मी उजव्या हातानंच अक्षता टाकणार." वच्छलानं ते ऐकलं आणि बोटांवर दिवस मोजले. लग्नाला सहा आठवडे उरले होते.

तालुक्याच्या दवाखान्यात दर मंगळवारी एक ताई यायच्या. ज्या मुलांचे हातपाय नीट चालत नाहीत, त्यांना जेवणं, बटणं लावणं, पाटी धरणं अशी रोजची कामं त्या खेळातून शिकवायच्या. गोळी नाही, सुई नाही. खोलीत नुसते चेंडू, चिमटे, मणी आणि मळलेली कणीक. त्यांचं नाव शर्वाणी, पण पंचक्रोशी त्यांना खेळवाल्या ताई म्हणायची. वच्छला अंगणवाडीत खिचडी शिजवायची, तिला मंगळवारी सुटी मिळेना. म्हणून कस्तुरीला घेऊन भागुजी गेला.

ताईंनी कस्तुरीचा हात बघितला, तिच्याशी चेंडू खेळल्या आणि भागुजीला म्हणाल्या, "घरी एक खेळ खेळायचा. धान्यात तिच्या आवडीची वस्तू लपवा. तिला उजव्या हातानं शोधू दे. ती शोधेपर्यंत कुठं आहे ते कुणी सांगायचं नाही. कळलं?"

"कळलं," भागुजी म्हणाला.

"काय कळलं?"

भागुजीनं सगळं शब्दनशब्द म्हणून दाखवलं. ताईंना फार बरं वाटलं. बिचाऱ्या भागुजीला नवीन होत्या.

घरी भागुजीनं विचार केला, कस्तुरीला सगळ्यात जास्त काय आवडतं? घुंगरू लावलेली टाकीची चावी. घरात धान्य कुठं आहे? ज्वारीच्या पोत्यात. त्यानं चावी पोत्यात कोपरापर्यंत खाली सारली आणि समाधानानं हात झटकले.

दुसऱ्या दिवशी सहाला गाव हंडे घेऊन नळावर उभं. पाणी येईना. सरपंच टाकीपाशी आले.

"भागुजी, चावी कुठाय?"

"शोधाय पायजे," भागुजी म्हणाला. ते काही खोटं नव्हतं.

मग सगळं गाव चावी शोधायला लागलं. गटारात काठ्या घालून बघितलं. बकऱ्यांच्या गोठ्यात बघितलं. भागुजीही सगळ्यांबरोबर मन लावून हिंडत होता. फक्त पोत्याकडे तेवढा जात नव्हता. दोन दिवस गावानं नदीवरून पाणी आणलं. तिसऱ्या दिवशी कस्तुरीनं पोत्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि दोन बोटांच्या बेचक्यात अडकवून चावी ओढून काढली.

वच्छला नवऱ्यावर ओरडायला तोंड उघडून तशीच राहिली. पोरीनं चावी उजव्या हातानं काढली होती.

मंगळवारी ताईंना हे कळलं. त्या म्हणाल्या, "अहो भागुजी, पोत्यात नाही, परातीत! आणि लपवायचं ते असं गुपचूप नाही. समोरच्याच्या डोळ्यांदेखत लपवायचं."

"तसं सांगितलं नव्हतं, ताई."

"माझंच चुकलं. आता कळलं?"

"कळलं. लपवायचं ते समोरच्याच्या डोळ्यांदेखत."

गुरुवारी दिगंबरच्या होणाऱ्या सासरकडचे चौघे जण भेटायला यायचे होते. नवरीचे धिप्पाड काका त्यांचे म्होरके. वच्छलानं पुरणपोळ्या केल्या होत्या, पण तूप वाटीभरच होतं आणि ते तिनं भावाच्या केळवणासाठी राखलं होतं. ती भागुजीला म्हणाली, "तेवढी तुपाची बरनी लपवून ठेवा."

भागुजीनं मान डोलावली. बरणी मांडीवर घेऊन तो उंबऱ्यावर पाहुण्यांची वाट बघत बसला. पाहुणे आले, पाय धुतले, पंगतीला बसले. मग भागुजी बरणी घेऊन मधोमध उभा राहिला.

"पाव्हणं, जरा हिकडं ध्यान द्या. ही तुपाची बरनी. ही मी आता लपवतोय." त्यानं बरणी पिठाच्या डब्यामागं सरकवली. "दिसलं का सगळ्यांस्नी?"

"दिसलं," नवरीचे काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

वच्छलानं ती बरणी डब्यामागून काढली आणि हसत हसत तळ दिसेपर्यंत वाढली. ते हसू कसलं होतं, ते लग्न झालेल्या माणसांना सांगायला नको. पाहुण्यांची पाठ वळल्यावर ती म्हणाली, "घरातली गोष्ट अशी चारचौघांत उघडी करत्यात व्हय? परक्याम्होरं जाताना घरातलं झाकून न्यावं मानसानं!"

"आदी सांगितलं न्हवतंस," भागुजी म्हणाला.

मंगळवारी तो दवाखान्यात गेला, तेव्हा कस्तुरीचा उजवा हात चादरीत गुंडाळलेला होता आणि चादरीला चार गाठी मारलेल्या होत्या.

"लागलं का तिला?" ताई घाबरल्या.

"न्हाई. घरातली गोष्ट हाय. परक्याम्होरं झाकून न्यायची."

ताईंनी पहिली गाठ सोडवायला घेतली. ती भागुजीनं टाकीच्या पाइपाला मारतात तशी मारली होती, सुटेना. दोन गाठी ताईंनी सोडवल्या, एक शिपायानं सोडवली. चौथीला कस्तुरी कंटाळली. तिनं आतूनच उजव्या हाताची बोटं वर काढली आणि दातांची मदत घेऊन स्वतःच गाठ सैल केली. ताई बघतच राहिल्या. मग त्यांनी पुढचा खेळ सांगितला.

"तिनं काही मागितलं, की लगेच हातात देऊ नका. जरा लांब ठेवा, जरा उंच ठेवा. हात लांब करून घेऊ दे. मिळालं की शाब्बास म्हणा. कळलं?"

"कळलं. मागितलं की लगेच द्यायचं न्हाई. लांब ठेवायचं, उंच ठेवायचं. मिळालं की शाब्बास."

कस्तुरीचा खेळ झकास चालला. चेंडू कोनाड्यात, बाहुली फळीवर. पोरगी टाचा उंचावून उजवा हात ताणायला लागली. पण ताईंनी फक्त कस्तुरीनं मागितलं तर, असं म्हटलं नव्हतं. बायकोनं मीठ मागितलं, भागुजीनं ते कौलांवर ठेवलं. म्हाताऱ्या तात्यांनी काठी मागितली, त्यानं ती रस्त्यापलीकडं नेऊन उभी केली आणि म्हणाला, "या, या, जमतंय." शनिवारी ग्रामसभेत सरपंचांना कागद वाचायचा होता. ते म्हणाले, "भागुजी, चष्मा दे रे." भागुजीनं चष्मा कडुलिंबाच्या फांदीला अडकवला.

सरपंच खुर्चीवर चढले. मग टेबलावर खुर्ची ठेवून तिच्यावर चढले. अख्खी ग्रामसभा टेबल धरून उभी. सरपंचांच्या बोटांना चष्मा लागला, तसा भागुजी आनंदानं ओरडला, "शाब्बास!"

सरपंचांनी त्याला काय सांगितलं, ते मुलांच्या गोष्टीत लिहिता येत नाही.

"अहो, हे धडधाकट माणसांसाठी नाही," ताई मंगळवारी म्हणाल्या. पोट धरून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "कमजोरासाठी आहे."

"तसं सांगितलं नव्हतं, ताई. मग धडधाकटाचं काय करायचं?"

ताई म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत. आता तोच खेळ आहे. तिच्या धडधाकट हातात जाड मोजा घालायचा. रोज एक तास. चांगला हात पुढं पुढं करतो, म्हणून कमजोर हाताला कामच मिळत नाही. चांगल्याला तासभर गप्प बसवलं, की कमजोर आपोआप कामाला लागतो. कळलं?"

"चांगल्याला तासभर गप्प बसवायचं," भागुजी म्हणाला. "कमजोर आपोआप कामाला लागतो."

घरी त्यानं मोजा घातला. कस्तुरी पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी रुसली आणि तिसऱ्या दिवशी उजव्या हातानं कणकेच्या चिमण्या करायला बसली. चिमण्या बटाट्यासारख्या झाल्या. पण झाल्या. भागुजीला त्या खेळाचा भारी अभिमान वाटला.

गुरुवारी मारुतीच्या देवळात भजन होतं. भागुजी टाळ धरायला जायचा. विठोबाअण्णांचा आवाज असा, की दोन वाड्यांवर ऐकू जावा. त्यांच्या शेजारी नामाकाका बसायचे. नामाकाकांचा आवाज दाराच्या गंजक्या बिजागरीसारखा होता, म्हणून त्यांना चाळीस वर्षांत कुणी गाऊ दिलं नव्हतं. भागुजीनं दोघांकडं बघितलं आणि त्याला सगळं उलगडलं.

त्यानं आपलं उपरणं काढलं, विठोबाअण्णांच्या तोंडावरून घेतलं आणि मानेमागं गाठ मारली. टाकीच्या पाइपाला मारतात तशी.

"म्म्म!" विठोबाअण्णा म्हणाले.

"तासभरच हाय, अण्णा," भागुजी म्हणाला. "नामाकाका, व्हा कामाला."

नामाकाका कामाला लागले. तासभर म्हणता दीड तास गायले. देवळातली वटवाघळं निघून गेली, ती आठवडाभर आली नाहीत. गाठ सोडवायला शेवटी कातरी आणावी लागली. दुसऱ्या दिवशी नामाकाका भेटेल त्याला सांगत होते, की या गावात माणूस असा एकच आहे आणि तो भागुजी.

यावेळी ताई हसल्या नाहीत. लग्नाच्या आधीचा तो शेवटचा मंगळवार होता. कस्तुरीचा हात आता लांब जात होता, वस्तू धरत होता. पण धरलेलं सुटत नव्हतं. मूठ धरायला शिकली होती, सोडायला नाही. आणि अक्षता तर सोडायच्या असतात.

ताईंनी समोर वाटी ठेवली, कस्तुरीच्या मुठीत तांदूळ दिले आणि भागुजीला अगदी सावकाश सांगितलं, "नीट ऐका. हा खेळ फक्त कस्तुरीचा. सरपंचांचा नाही, अण्णांचा नाही, कुणाचा नाही. मुठीत तांदूळ द्यायचे. मूठ तिची तिनं उघडायची, कुणी बोटं सोडवायची नाहीत. कितीही वेळ लागला तरी घाई करायची नाही. ती तांदूळ टाकत नाही तोवर डाव पुरा झाला असं धरायचं नाही, आणि तुम्ही जागचं हलायचं नाही. आणि एकदा जमलं म्हणून थांबायचं नाही. एकदा जमतं ते नशिबानं. जमल्या जमल्या लगेच लागोपाठ दहा वेळा करून घ्यायचं, मग ते हाताच्या ध्यानात राहतं. कुणाचा खेळ?"

"फकस्त कस्तुरीचा."

"दुसऱ्या कुणावर करायचा?"

"कुनावर न्हाई."

"शपथ?"

"शपथ."

ताईंनी सुटकेचा श्वास टाकला. आता चुकायला काही उरलंच नव्हतं. भागुजीनं शपथ पाळली, हे मी आधीच सांगून टाकतो. त्यानं तो खेळ दुसऱ्या कुणावर केला नाही.

घरी पाच दिवस खेळ चालला. कधी पाव तासानं मूठ सुटायची, कधी सुटायचीच नाही. लागोपाठ दहा तर एकदाही झालं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी कस्तुरी आईला म्हणाली, "न्हाई सुटली तर?"

वच्छला म्हणाली, "तर डाव्या हातानं टाक. आक्काला मी बघून घेते."

"न्हाई," कस्तुरी म्हणाली. "न्हाई सुटली तर मी टाकनारच न्हाई." असं म्हणून ती गेली. वच्छलानं मनातल्या मनात मारुतीला नारळ बोलला.

लग्न दुपारी बारा एकवीसच्या मुहूर्तावर होतं. मांडव गच्च भरला होता. वच्छलानं हट्टानं बोलावलं म्हणून खेळवाल्या ताई आल्या होत्या, दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. नवरानवरी पाटावर उभी राहिली. भटजींनी मधे अंतरपाट धरायला सांगितला. त्याचं एक टोक नवरीच्या धिप्पाड काकांकडं आणि दुसरं दिगंबरच्या दाजींकडं, म्हणजे भागुजीकडं दिलं. कस्तुरी मामाच्या शेजारी उभी होती. वच्छलानं तिच्या उजव्या मुठीत अक्षता दिल्या.

भागुजीनं ते बघितलं. मुठीत तांदूळ दिले गेले होते. त्यानं पाय रोवले.

मंगलाष्टकं सुरू झाली. पहिलं सावधान झालं, मांडवभर अक्षता उडाल्या. कस्तुरीची मूठ मिटलेली. दुसरं झालं, तिसरं झालं. पोरगी मुठीकडं बघत होती, मूठ काही ऐकत नव्हती. शेवटचं सावधान झालं. लोकांनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या अक्षता टाकल्या, वाजंत्री कडाडली आणि भटजी म्हणाले, "सोडा."

नवरीच्या काकांनी टोक सोडलं. भागुजीनं ते खाली पडायच्या आत पकडलं. दोन्ही हात ताणून तो एकटाच अंतरपाट धरून उभा राहिला.

"अहो, सोडा!"

"डाव पुरा झाला न्हाई," भागुजी म्हणाला.

वाजंत्री थांबली. सनईवाला एकटाच थोडा वेळ वाजवत राहिला, मग तोही थांबला. अंतरपाटामागून दिगंबरचा आवाज आला, "दाजी, सोडा की!" पलीकडून नवरीचं खुदकन हसू ऐकू आलं. नवरीच्या काकांनी अंतरपाट ओढून बघितला. भागुजी हलला नाही. अकरा वर्षं टाकीचं चाक फिरवलेले हात होते ते.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" भटजी कडाडले.

"ताईंनी."

सगळा मांडव मागं वळला. ताईंनी पदरात तोंड लपवलं.

"अगं बाई, हिच्या मुठीपायी व्हय?" म्हणत आक्काबाई उठल्या. "आन हिकडं, मी सोडवते बोटं."

"हात लावायचा न्हाई!" भागुजी ओरडला. त्याला ओरडताना गावानं कधी ऐकलं नव्हतं. आक्काबाई जिथं होत्या तिथंच बसल्या. खुर्ची थोडी पलीकडं होती.

माळा घालायच्या मुहूर्ताला दीड मिनिट उरलं होतं.

"कस्तु," भागुजी म्हणाला, "घाई न्हाई. लई वेळ हाय."

कस्तुरीनं बापाकडं बघितलं. चारशे माणसं खोळंबली होती आणि त्या सगळ्यांत एकट्या तिच्या बापाला कसलीच घाई नव्हती. तिला हसू आलं. ती हसली आणि करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट हललं. वच्छलानं डोळे गच्च मिटले. अंगठा बाजूला झाला, मूठ उघडली, आणि पोरीनं उजवा हात भिरकावला. थोड्या अक्षता मामाच्या फेट्यावर पडल्या, थोड्या नवरीवर, बाकीच्या भटजींच्या टकलावर.

मांडव टाळ्यांनी दणाणला. वच्छला भर मांडवात हुंदके देऊन रडली. आक्काबाईंनी डोळ्यांना पदर लावला. ताई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या आणि आपण उभ्या आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. भटजींनी टकलावरचे तांदूळ झाडले, घड्याळ बघितलं. बारा वीस झाले होते. त्यांचाही आवाज जरा मऊ झाला होता.

"छान झालं हो," ते म्हणाले. "आता सोडा अंतरपाट."

"सोडतो की," भागुजी म्हणाला. त्यानं अंतरपाट होता त्याहून एक वीत वर उचलला. "कस्तु, घे बाळा दुसरी मूठ. अजून दहा डाव काढायचं हायेत."